‘हरला तो बाहेर’ ही म्हणे कोल्हापूरची रीत!

कॅरम आणि बुद्धिबळाच्या इथल्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. मला तो चार ठिकाणांहून आला. एकानं तर खाली ‘वाचा आणि सुधारा’ असंही लिहिलं. म्हणणं थोडक्यात असं: पेठेतल्या स्पर्धा बाद पद्धतीनंच व्हाव्यात, कारण हरला तो बाहेर ही कुस्तीच्या गावाची रीत आहे. स्विस लीग, म्हणजे हरलेल्यालाही सगळ्या फेऱ्या खेळवणारी पद्धत, हे परकं खूळ. त्यात जोड्या कॉम्प्युटर लावतो, म्हणजे आयोजकच लावतात. वेळ तिप्पट जातो. पहिली मॅच मुद्दाम हरून सोप्या जोड्या घेत वर येणारे लबाड माजतात. शेवटी पाच जणांचे गुण सारखे होतात आणि बुखोल्झ नावाचं कुणाला न कळणारं गणित बक्षीस वाटतं. आणि फायनलच नसते, मग बघायला येणार कोण?

आमच्या पेठेत कॅरमची स्पर्धा भरवण्यात माझाही हात असतो, आणि बरीच वर्षं आम्ही ती बाद पद्धतीनंच घेतली. त्यामुळे मेसेज लिहिणाऱ्याचा राग मला कळतो. पण त्यानं कुस्तीचा दाखला द्यायला नको होता.

कारण आपल्या फडात बाद पद्धत असतेच कुठे? राजर्षी शाहूंनी १९१२ साली बांधून घेतलेल्या खासबागेत जी मैदानं झाली आणि गावोगावच्या जत्रेत आजही होतात, ती आठवा. दुपारी हलगी वाजते, पोराटोरांच्या कुस्त्या होतात, मग नारळावरच्या, मग शंभर-पाचशेच्या, आणि दिवस मावळता एक नंबरची जोड. प्रत्येक ठिकाणी जाणती माणसं काय बघतात? वजन, तयारी, मागच्या मैदानातली कामगिरी. तोडीस तोड जोड लागली पाहिजे, नाहीतर लोक ओरडतात. जिंकलेल्या पोराला पुढच्या मैदानात वरची जोड मिळते, हरलेल्याला त्याच्या बेताची. त्याला कुणी ‘जा घरी, पुढच्या वर्षी ये’ म्हणत नाही. आता स्विस लीगचा नियम वाचा: सगळे सगळ्या फेऱ्या खेळतात, प्रत्येक फेरीत सारख्या गुणांच्या खेळाडूंची गाठ पडते, आणि तीच जोडी पुन्हा लागत नाही. ही पद्धत १८९५ साली झ्युरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत पहिल्यांदा वापरली म्हणून नाव स्विस पडलं. जोड लावायची अक्कल आपल्याकडे आधीपासून होती, फक्त कागदावर गुण मांडले नव्हते.

ऑलिंपिकचं बोलायचं तर खाशाबा जाधव. राजाराम कॉलेजात शिकलेले, कोल्हापूरच्या मातीत घडलेले. १९५२ ला हेलसिंकीत ते सुवर्णपदक मिळवणाऱ्या जपानच्या इशीकडून हरले आणि रौप्य मिळवणाऱ्या सोव्हिएत पैलवानाकडूनही हरले. तरी ब्राँझ त्यांचंच, कारण त्या दोघांनंतर तेच होते. तेव्हाच्या कुस्तीत पराभवाचे दोषगुण मोजायचे. एका हारीत कुणी बाहेर जात नसे. ‘हरला तो बाहेर’ असतं तर स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं नसतं. पुढं बीजिंगला २००८ मध्ये सुशीलकुमार पहिलीच कुस्ती हरला आणि रेपेचाजमधून, म्हणजे हरलेल्यांना मिळणाऱ्या दुसऱ्या संधीतून, ब्राँझ घेऊन आला. तेव्हा कुस्तीच्या नावानं बाद पद्धत खपवू नका, एवढीच विनंती.

जोड्या कॉम्प्युटर लावतो, हे खरं. पण कॉम्प्युटर काय मनानं लावतो? बुद्धिबळात फिडेचे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचे, नियम छापील आहेत: सारख्या गुणांचा गट करायचा, त्याचे मानांकनानं दोन भाग पाडायचे, वरच्या भागातला पहिला खालच्या भागातल्या पहिल्याशी. दोनदा गाठ नाही, ‘पुढे चाल’ (न खेळता मिळणारा गुण) एकाला एकदाच. पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या घेऊन बसलात तर बत्तीस जणांची फेरी पंधरा मिनिटांत हातानं लावून तपासता येते. मी लावलीय, चहा गार होण्याआधी. चेन्नईचं २०२२ चं बुद्धिबळ ऑलिंपियाड असंच अकरा फेऱ्यांचं स्विस होतं.

आणि बाद पद्धतीत जोड्या कोण लावतं? डब्यातल्या चिठ्ठ्या. डाव तिथं आहे. बत्तीस खेळाडू, चिठ्ठ्या टाकून भाग्यपत्रिका केली, आणि समजा सरस खेळाडू नेहमीच जिंकतो. तरी हॉलमधला दोन नंबरचा खेळाडू एक नंबरच्याच अर्ध्या भागात पडण्याची शक्यता ३१ मध्ये १५. म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा उपविजेता चुकीचा माणूस ठरणार. हे मी शोधलेलं नाही. चार्ल्स डॉजसन नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १८८३ साली लॉन टेनिसच्या स्पर्धांवर हीच तक्रार केली होती, तीही बत्तीस खेळाडूंचाच हिशेब मांडून. मी आणखी एक आकडा काढला: पहिले चारही सरस खेळाडू उपांत्य फेरीत पोचण्याची शक्यता जेमतेम ११ टक्के. मानांकन दिलं की हे सुटतं. पण पेठेतल्या स्पर्धेत मानांकन कोण देणार? मागल्या वर्षी कोण जिंकलं, एवढंच आपल्याला माहीत. उरलेले एकोणतीस-तीस जण कुठल्या कुठल्या गावचे.

असाच एक पोरगा राधानगरीकडून आला होता. पहिल्या एसटीनं, सोबत वडील, खिशात रुमालात गुंडाळलेला स्वतःचा स्ट्रायकर. चिठ्ठीत त्याच्यासमोर आला तो पुढं फायनलला गेलेला खेळाडू. कॅरम आहे हा. पहिल्या बोर्डात समोरच्यानं राणीसकट बारा गुण नेले, की पंचवीसच्या गेमचा निम्मा रस्ता संपला. सव्वादहाला पोरगा उठला. हात पावडरीनं पांढरे, तोंड उतरलेलं. वडील टेबलापाशी येऊन मला विचारतात, “साहेब, ह्याची पुढची मॅच किती वाजता?” संपलं म्हणून सांगताना माझीच जीभ अडखळली. त्या दिवशी त्याच्याइतका स्वच्छ कट कुणी मारला नाही, हे मी आजही पैजेवर सांगेन. पण ते सिद्ध करायला त्याला दुसरी मॅचच नव्हती.

वेळेचा मुद्दा. इथं मेसेजवाल्याचं थोडं खरं आहे, फक्त ‘तिप्पट’ हे तोंडाला येईल ते. आठ बोर्ड धरा. बाद पद्धत, तीन गेमच्या मॅचेस, तासाला एक: पहिली फेरी दोन तास, मग चार फेऱ्या चार तास. एकूण सहा. मॅचेस ३१. त्यातही उपउपांत्य फेरीपासून निम्मे बोर्ड रिकामे, फायनलला सात बोर्ड झाकून ठेवलेले. स्विसच्या पाच फेऱ्या, प्रत्येकी एकच गेम, अर्ध्या तासाला घंटा: फेरीला दोन पाळ्या, म्हणजे एक तास. पाच तासांत ८० सामने. त्यावर पहिल्या सहांचे बाद सामने तीन गेमचे, तीन तास. एकूण आठ. दोन तास जास्त लागतात, हे कबूल. पण प्रत्येक जण पाच मॅच खेळून जातो.

ज्यांना स्विस नकोच त्यांनी ‘दोन हारींवर बाद’ करून बघावं, ६२ किंवा ६३ मॅचेस होतात. वेळापत्रक सांभाळताना डोकं दुखतं, पण पोराला दुसरा डाव मिळतो. चार-चारचे गटही चालतात, फक्त शेवटची मॅच निरर्थक झाली की लोक मोबाईल काढतात. आयपीएलचा प्ले-ऑफ तरी काय आहे? पहिल्या दोघांना एक हार माफ. २०१७ ला मुंबई पहिल्या क्वालिफायरला पुण्याकडून हरली आणि फायनलला त्याच पुण्याला एका रननं हरवलं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की मुंबईला पुन्हा का घेतलं. पुणेकर म्हणाले असतील, ते सोडा.

मुद्दाम हरणाऱ्या लबाडांचं बोलू. पाच फेऱ्यांत एक मॅच सोडली की हातात जास्तीत जास्त चार गुण, आणि उरलेल्या चारही जिंकाव्या लागतात. शिवाय बुखोल्झ म्हणजे काय? तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्या सगळ्यांच्या गुणांची बेरीज. बस्स, एवढंच ‘कुणाला न कळणारं’ गणित. सोप्या जोड्या घेत आलेल्याची बेरीज कमी भरते आणि तो बरोबरीत मागं पडतो. म्हणजे मेसेजमधला एक मुद्दा दुसऱ्याच्या तोंडावर मारता येतो: ज्या गणिताला शिव्या घातल्यात, तेच या लबाडाला अडवतं. आणि पहिली फेरी हरणारा प्रत्येक जण लबाड नसतो. नाशिकचा बुद्धिबळपटू विदित गुजराथी २०२३ च्या ‘ग्रँड स्विस’ स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरला. अकरा फेऱ्यांनंतर साडेआठ गुण घेऊन तोच विजेता होता.

बरोबरीबद्दल मात्र मेसेजवाल्याचं बोट दुखऱ्या जागी पडलंय. बत्तीस जण, पाच फेऱ्या, कॅरममध्ये बरोबरी नाही. मग पाच गुणांवर एकच राहतो, चार गुणांवर पाच जण, तीनवर दहा, आणि तशीच खालची उतरंड. नंबर एक स्वच्छ मिळतो. दोन ते सहाचा निकाल बुखोल्झवर लावला तर खेळाडू चिडणारच, मीही चिडेन. म्हणून वर ‘पहिले सहा’ म्हटलं. पाच अधिक एक, बरोबर सहा. चार गुण मिळवलेला कुणीच बाहेर राहत नाही. बुखोल्झला काम उरतं ते फक्त दोन ते सहाचा क्रम लावायचं, कुणाला बाहेर काढायचं नाही. पहिले दोघे थेट उपांत्य फेरीत, बाकी चौघांत तिसरा सहाव्याशी, चौथा पाचव्याशी. बरीच मंडळं वर चार किंवा आठ घेतात. चारमध्ये चार गुणांचे दोघे कापले जातात, आठमध्ये तीन गुणांच्या दहांतून दोघांना उचलावं लागतं. भांडणं तिथंच होतात.

बाद पद्धत वाईट असं मी कुठंच म्हणत नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ चा बुद्धिबळाचा महिला विश्वचषक बाद पद्धतीतच जिंकला, फायनलला कोनेरू हंपीला हरवून. पण तिथं प्रत्येक जोडीला दोन डाव, बरोबरी झाली तर वर जलद डाव, आणि स्पर्धा जवळजवळ महिनाभर. आपल्याकडे रविवारचा एक हॉल, आणि संध्याकाळी तिथंच कुणाचा तरी साखरपुडा.

राहिली फायनल. सहांचा बाद टप्पा ठेवला की फायनल आहेच, तीन गेमची, मधल्या बोर्डावर, वर दिवा लावून. आणि गर्दीचं म्हणाल तर मागच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत दुपारी चार वाजता फायनल सुरू झाली तेव्हा मी खुर्च्या मोजल्या होत्या. मांडलेल्या साठ, भरलेल्या अकरा. त्यात आम्ही आयोजक पाच, दोन्ही खेळाडूंच्या घरची चार माणसं, एक चहावाला, आणि एक आजोबा, जे पंख्याखाली झोपले होते. बाकीचे सगळे जेवायच्या आत हरून घरी गेले होते.