‘हे खरे आहे काय?’ इथंच घोडं अडतं

परवा रात्री कट्ट्यावर जाताना मी खिशात एक कागद घेऊन गेलो. विधानसभेतल्या एका तारांकित प्रश्नाचं, म्हणजे ज्याला मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं अशा प्रश्नाचं, छापील उत्तर होतं ते. प्रश्न आमच्याच भागातला. शाळेच्या कुंपणाला लागून नाला जातो, त्याची संरक्षक भिंत ढासळली आहे आणि जोराचा पाऊस झाला की खालच्या वर्गांत पाणी शिरतं. दोन वर्षं आम्ही पालक अर्ज देत फिरलो. शेवटी एका आमदारांनी प्रश्न लावला. भिंत पडली हे खरे आहे काय? असल्यास शासनाने चौकशी करून कोणती कार्यवाही केली? नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत? उत्तर तीन ओळींत आलं. एक, हे अंशतः खरे आहे. दोन, सदर काम प्रस्तावित आहे. तीन, प्रश्न उद्भवत नाही.

दोन वर्षं पडून राहिलेल्या भिंतीबाबत विलंबाचा प्रश्न उद्भवतच नाही, हे वाचून मला खरोखर रडू यायचं बाकी होतं.

आमचा कट्टा म्हणजे नाशिकला अशोकस्तंभाच्या अलीकडे एका दुकानाचा ओटा. दुकान साडेआठला बंद होतं, मग तो आमचा. नागपुरात अधिवेशन चालू होतं, इथं थंडी मी म्हणत होती, आणि चहाचा दुसरा ग्लास हातात येईपर्यंत कागद सगळ्यांच्या हातून फिरून झाला होता.

वकिलानं तो वाचून मांडीवर ठेवला. “तुला काय अपेक्षा होती? सभागृहात प्रश्न विचारणं म्हणजे ठरलेला खेळ आहे. आमदार विचारणार, मंत्री वाचून दाखवणार, दुसऱ्या दिवशी मतदारसंघात बातमी. भिंत तिथंच.”

“मग काय, विचारूच नये?”

“विचारा की. पण त्यानं सरकार हलतं म्हणू नका. आणि प्रश्न विकलेही जातात. २३ डिसेंबर २००५ ला एका दिवसात अकरा खासदार घालवावे लागले, दहा लोकसभेचे आणि एक राज्यसभेचा. प्रश्न विचारायला पैसे घेतले म्हणून. १९५१ सालीही हंगामी संसदेत मुद्गल नावाच्या सदस्याचं तेच प्रकरण झालं होतं. मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन प्रश्न!”

“वकीलसाहेब,” बापू म्हणाले, “ज्याला काही किंमतच नाही, ते पैसे देऊन कोण घेतं?”

बापू निफाड तालुक्यातले. कांदा, थोडी द्राक्षं. मुलगी इथं शिकायला आहे म्हणून आठवड्यातून दोनदा तरी येतात आणि आले की ओट्यावर बसल्याशिवाय परत जात नाहीत. त्यांच्या या एका वाक्यानं वकील जरा थांबला.

नाना तोवर गप्प होते. नाना मंत्रालयात कक्ष अधिकारी होते, निवृत्तीनंतर नाशिकला आले. त्यांनी चष्मा पुसला आणि कागद पुन्हा मागितला. “उत्तर वाईट आहेच. पण प्रश्न बघा ना! ‘हे खरे आहे काय’ असं विचारलं की आम्हाला सुटका मिळायची. होय, नाही किंवा अंशतः. भिंत पडली म्हणता, पण सगळी कुठं पडली? म्हणजे अंशतः खरं. काम प्रस्तावित आहे असं एकदा लिहिलं की कार्यवाही चालूच झाली. मग विलंब कसला? प्रश्न उद्भवत नाही. मी अशी किती उत्तरं लिहिली असतील, मोजदाद नाही. खोटं एकही नव्हतं. आणि त्यातल्या बऱ्याच उत्तरांनी कुणाला काहीच कळलं नसेल, याचं आता वाईट वाटतं.”

मग नानांनी आतली रीत सांगितली, आणि मला वाटतं ती प्रत्येक मतदाराला माहीत असायला हवी. प्रश्न विधानभवनातून खात्याकडे येतो, खात्यातून त्या विषयाच्या कार्यासनाकडे. मंत्रालयात त्याला एलएक्यू म्हणतात, म्हणजे लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन. एलएक्यू आला की बाकीच्या फायली बाजूला. जिल्ह्याला फोन जातात, माहिती मागवली जाते, ती साच्यात बसवून वर सचिवांपर्यंत आणि मंत्र्यांपर्यंत जाते. अधिवेशनात रजा मिळणं मुश्कील.

“पण खरी मेहनत छापील उत्तरावर नसते,” नाना म्हणाले. “उत्तर दोन-तीन ओळींचं. त्याच्यासोबत मंत्र्यांना टिप्पणी द्यायची असते, त्यात संभाव्य उपप्रश्न, म्हणजे उत्तर ऐकून सदस्य तिथंच पुढं विचारतील ते, आणि त्यांची उत्तरं. ती टिप्पणी वीस-वीस पानांची व्हायची. आम्ही अधिकारी सभागृहाच्या गॅलरीत बसून चिठ्ठ्या पाठवायला तयार. भीती प्रश्नाची नसायची, उपप्रश्नाची असायची. प्रश्न आधी कळतो. उपप्रश्न उभ्या उभ्या येतो.”

इथं सर बोलले. सर इतिहास शिकवायचे. “ही गोष्ट इंग्रजांना तुमच्या-आमच्या आधी कळली होती. १८९२ च्या कायद्यानं कायदेमंडळातल्या सदस्यांना प्रश्न विचारायचा हक्क दिला, पण उपप्रश्नाचा दिला नाही. उत्तरावर चर्चाही करायची नाही. टिळक १८९५ ते ९७ मुंबई कायदेमंडळात होते, ते या बंधनात. गोखले त्यांच्यानंतर आले, त्यांनाही तेच. उपप्रश्न मिळाला १९०९ च्या कायद्यानं, तोही फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्याला. बाकीच्या सदस्यांना तो १९१९ च्या सुधारणांनंतर मिळाला. प्रश्न द्यायला तयार, पण उपप्रश्न द्यायला सतरा वर्षं! नांगी कुठं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.”

मला हे माहीत नव्हतं. आपण उपप्रश्न म्हणजे प्रश्नाचं शेपूट समजतो.

“आणि तो वापरला तर काय होतं, तेही ऐका,” सर पुढं म्हणाले. “आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडाच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास पैसे घातले. १९५७ साल. लोकसभेत प्रश्न आला, गुळमुळीत उत्तर मिळालं. डिसेंबरात फिरोझ गांधी उभे राहिले. सत्ताधारी पक्षाचे खासदार, पंतप्रधानांचे जावई! तरी सोडलं नाही. शेवटी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा एकसदस्यीय आयोग नेमावा लागला, त्यांनी उघड सुनावणी घेतली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. सुरुवात कुठून? सभागृहातल्या एका प्रश्नापासून.”

“सर, ते दिवस वेगळे होते,” वकील म्हणाला. “आता सत्ताधारी आमदार उठतो तो मंत्र्याचे आभार मानायला. आणि प्रश्नाला वेळ तरी आहे का? लोकसभेत रोज वीस तारांकित प्रश्न यादीत. प्रश्नोत्तराच्या तासात तोंडी उत्तर चार-पाचांनाच मिळतं. बाकीच्यांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली की संपलं, उपप्रश्न नाही. २०२० च्या सप्टेंबरात करोनाचं कारण सांगून अख्खा प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला. आपल्याकडं २०२४ चं हिवाळी अधिवेशन आठव. १६ ते २१ डिसेंबर, सहा दिवस. मंत्र्यांचं खातेवाटप झालं २१ च्या रात्री, अधिवेशन संपल्यावर. नागपुरात आमदार कुणाला विचारणार होते? कोणतं खातं कुणाचं हेच ठरलं नव्हतं!”

यावर कुणाकडंही उत्तर नव्हतं, आणि नसावंच. मी वकिलाशी नेहमी भांडतो, पण इथं तो शंभर टक्के बरोबर आहे. मंत्र्याला प्रश्न विचारायचा तर आधी मंत्र्याला खातं हवं आणि सभागृहाला दिवस हवेत. आम्ही २८८ आमदार निवडून देतो ते सहा दिवसांसाठी नाही.

ताई मधेच म्हणाल्या, “दिवस तर कमी झालेच, पण आपल्या हातातलं एक हत्यारही गेलं, ते कुणी बघितलं का?” ताई शिक्षिका आहेत, माहिती अधिकारात अर्ज करून करून त्यांनी आमच्या शाळेच्या इमारतीचा अहवाल मिळवला होता. “२००५ च्या माहिती अधिकार कायद्यात, खासगी माहिती नाकारायचं जे कलम आहे ना, त्याच्याखाली एक वाक्य होतं. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. मी हे वाक्य अर्जात लिहायचे. म्हणजे आमदाराला जे विचारता येतं, ते मलाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं ते कलम बदललं आणि हे वाक्य त्यात उरलं नाही.”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. माझ्या मते त्या रात्रीचं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं हेच होतं. त्या एका वाक्यानं सामान्य माणूस आणि आमदार एका पायरीवर आणले होते. ते गेल्यावर आमदाराच्या तोंडूनच विचारून घेण्यावाचून गत्यंतर नाही. मग आमदारानं नीट विचारावं हे बघणं आपलंच काम होऊन बसतं.

बापूंचा राग वेगळा होता. “आमच्या कांद्याचं बघा. १९ ऑगस्ट २०२३ ला चाळीस टक्के निर्यातशुल्क लावलं. लासलगाव, पिंपळगाव, सगळीकडं लिलाव बंद पडले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद. ४ मे २०२४ ला उघडली, पण साडेपाचशे डॉलर टनामागं किमान दर आणि वर चाळीस टक्के. सप्टेंबरात वीस टक्क्यांवर आणलं. शून्य व्हायला १ एप्रिल २०२५ उजाडला. दीड वर्ष, भाऊ! आमचे आमदार विधानसभेत ओरडले, तर उत्तर काय? विषय केंद्राच्या अखत्यारीतला.”

“आणि ते उत्तर बरोबर आहे,” नाना म्हणाले. “निर्यातशुल्क केंद्राचंच. राज्याच्या मंत्र्याला ते विचारून तुम्ही त्याला पळवाट दिली. राज्याला विचारायचं ते वेगळं: तुम्ही केंद्राला कोणत्या तारखेला पत्र लिहिलं, त्याचं उत्तर कधी आलं, दोन्हींची प्रत पटलावर ठेवा. शुल्काचा प्रश्न मात्र खासदाराकडून लोकसभेत.”

“खासदारांनीही विचारलं होतं.”

“काय विचारलं? शेतकऱ्यांचं नुकसान झालं हे खरे आहे काय, असंच ना? त्याला उत्तर येतं की शासन शेतकरी आणि ग्राहक दोघांच्या हिताबाबत कटिबद्ध आहे. त्याऐवजी आकडा मागा. तेव्हा सरकारनं २,४१० रुपये क्विंटलनं कांदा घेऊ म्हणून जाहीर केलं होतं, आठवतं? मग विचारा: नाशिक जिल्ह्यात त्या दरानं कोणत्या तारखेला, कोणत्या केंद्रावर किती टन घेतला? त्यातला थेट शेतकऱ्याच्या नावावर किती, बाकीचा कुणाकडून? याला ‘अंशतः खरे’ म्हणता येत नाही.”

बापूंनी मान हलवली. “हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. आम्ही निवेदन देतो. निवेदनात भावना असतात.”

“भावना मोर्चात आणा,” ताई म्हणाल्या. “प्रश्नात तारीख आणि टन आणा.”

वकील अजून अडूनच होता. समजा आकडे आले, आश्वासनही मिळालं, तरी पुढं काय? यावर नानांनी आश्वासन समितीचं सांगितलं. सभागृहात मंत्री ‘तपासून कार्यवाही करू’ म्हणाले की ते शब्द नोंदले जातात आणि समिती त्यांचा पाठपुरावा करते. लोकसभेत ही समिती १९५३ पासून आहे आणि तिथं आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायची अपेक्षा असते. “लोकांना आश्वासन म्हणजे बोलाची कढी वाटते. कार्यालयात ते डोक्यावरचं ओझं असतं. पण आमदारानंही ते विचारत राहायला हवं. विचारणारा विसरला की फाइल खाली जाते. हे मी केलेलं आहे, म्हणून सांगतो.”

“म्हणजे शेवटी आमदाराच्या लहरीवरच!” वकील म्हणाला.

“नाही,” मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, पण मला तो चढवायचाच होता. “आपल्यावर. महापालिकेत २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले, त्यानंतर कितीतरी काळ या शहरात महासभेत उभं राहून विचारणारं कुणी नव्हतं. तेव्हा आपण ओट्यावर बसून हळहळलो. एकानं तरी आमदाराला नीट लिहून प्रश्न दिला का? मीही दिला नाही. मी निवेदन दिलं, त्यावर चाळीस पालकांच्या सह्या घेतल्या आणि घरी आलो. त्यातून जो प्रश्न झाला तो हा.”

नानांनी कागद उलटा केला आणि वकिलाकडं पेन मागितलं. वकिलानं ते काढून दिलं, आणि मला फार बरं वाटलं.

लिहायला तासभर गेला. ‘हे खरे आहे काय’ नानांनी पहिल्याच फटक्यात काढून टाकलं. भिंत पडल्याची पहिली लेखी तक्रार कोणत्या तारखेला नोंदली? त्यानंतर कोणत्या अधिकाऱ्यानं कोणत्या तारखेला पाहणी केली? कामाचा अंदाजपत्रकीय खर्च किती, त्याला प्रशासकीय मान्यता कधी मिळाली, नसल्यास फाइल आज कोणाकडे आहे? मागच्या दोन पावसाळ्यांत शाळा किती दिवस बंद ठेवावी लागली? शेवटचा ताईंचा होता, आणि दिवसांचा आकडा त्यांच्या हजेरीपटात होता. वकिलानं दोन ठिकाणी शब्द बदलले, कारण ‘फाइल कोणाकडे आहे’ याचं उत्तर ‘सक्षम प्राधिकाऱ्याकडे’ असं येऊ शकलं असतं. त्यानं पदनाम मागितलं.

खाली जागा उरली होती. नाना म्हणाले, “आता उपप्रश्न. उत्तर काय येईल ते धरून तीन लिहा, आणि ते छापायला देऊ नका. फक्त आमदारांच्या हातात द्या.”

बापूंची शेवटची बस निघायची वेळ झाली होती. ते उठले, दोन पावलं गेले आणि परत आले. “नाना, त्या कांद्याच्या प्रश्नाचंही असंच लिहून ठेवा. गुरुवारी येतो मी. केंद्रावरच्या पावत्या घेऊन येतो.”