लडाखची बॅग: जाड जॅकेटची खरेदी सगळ्यात शेवटी

लडाखची तिकिटं झाली की घरोघरी पहिली खरेदी होते ती जाड जॅकेटची. माझं ठाम मत आहे की ती सगळ्यात शेवटी करावी, आणि बऱ्याच जणांना ती करायची गरजच नसते. जून ते सप्टेंबरमध्ये सात-आठ दिवसांत लेह, नुब्राचं खोरं, पँगाँग तलाव करून येणाऱ्या कुटुंबांसाठी हे लिहितोय. हिवाळ्यातलं लडाख हा वेगळा विषय आहे.

लेह साधारण 3,500 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या (1,646 मीटर) दुपटीपेक्षा उंच. हवा विरळ आणि कोरडी. जुलैच्या दुपारी लेहच्या बाजारात 25 अंशांच्या आसपास असतं, उन्हात चालताना घाम येतो. त्याच दिवशी गाडी ‘खारदुंग ला’ ही खिंड (5,359 मीटर) चढली की वारा हाडात शिरतो. पँगाँगच्या काठी रात्री पारा शून्याजवळ जातो. इतक्या फरकात जाड जॅकेट एकतर अंगात असतं किंवा मांडीवर, मधलं काही त्याला जमत नाही. त्यामुळे थर करा. दोन पातळ गोधड्यांमध्ये हवा अडकते आणि ऊब टिकते, तेच तत्त्व इथे आहे.

सगळ्यात आत थर्मल, मेरिनो लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं. दोन जोड पुरतात. सुती बनियन नको, कारण सूत घाम धरून ठेवतं आणि वारा लागला की तेच ओलं कापड अंग गार करतं. थर्मल अंगासरशी बसायला हवं. मोठ्या मापाचं घेतलं तर त्याचा उपयोग निम्मा होतो. त्यावर मधला थर: फ्लीसचं जॅकेट, किंवा आजीने विणलेला लोकरीचा स्वेटर. तो स्वेटर खरंच उत्तम काम करतो, नवं फ्लीस घेतलंच पाहिजे असं नाही. सगळ्यात बाहेर वारा आणि पाऊस अडवणारं, टोपी असलेलं पातळ जॅकेट. हे एक माप मोठं घ्या, कारण ते स्वेटरवरून चढवायचं असतं. दुकानात मापाला जाताना स्वेटर घालूनच जा. एवढं करूनही पँगाँगच्या रात्रीची भीती वाटत असेल तर फुगीर डाउन (पिसं भरलेलं) जॅकेट कुणाकडून मागून घ्या किंवा लेहमध्ये भाड्याने घ्या. दोन रात्रींसाठी काही हजार रुपये घालवू नका.

सोबत कानटोपी, गळ्याला बफ किंवा मफलर, पातळ हातमोज्यांचा एक जोड आणि त्यावर घालायला जाड एक. जाड मोजे दोन जोड, साधे तीन. पँट दोन, जीन्स एकही नको: जड असते आणि गाडीत आठ तास बसल्यावर गुडघ्याला काचते. टी-शर्ट चार. आठ दिवसांना आठ लागतात हा समज सोडा. कोरड्या हवेत रात्री धुतलेला पातळ टी-शर्ट सकाळपर्यंत वाळतो.

आता बूट. पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा, पण महिनाभर आधी. पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून संध्याकाळी दुकानात जा, जाड मोजे घेऊन जा, आणि दुकानातल्या पायऱ्या उतरून बघा. उतरताना अंगठा पुढे आपटला तर बूट लहान आहे, विक्रेता काहीही म्हणो. मग रोजच्या फिरायला तेच बूट वापरा. प्रवासाच्या आदल्या दिवशी घेतलेला बूट टाच सोलतो.

जुने बूट वापरणाऱ्यांचा धोका वेगळा आहे आणि तो फार कमी जणांना माहीत असतो. ट्रेकच्या बुटांच्या तळव्यात बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा थर असतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कपाटात चार-पाच वर्षं पडून राहिला की तो थर आतून विघटित होतो. बूट वरून नवा कोरा दिसतो आणि चालायला लागलं की तळवा पावासारखा चुरा होऊन सुटतो. तपासायला सोपं आहे: तळव्याच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबा, बूट वाकवा. भेगा दिसल्या किंवा भुगा पडला तर तो घरीच ठेवा. शंका असली तर घराजवळ पाच किलोमीटर चालून बघा. जुन्या रेनकोटचंही तसंच. आतला लेप चिकट झाला असेल तर तो पाणी अडवणार नाही.

पायांनंतर डोळे आणि त्वचा. उंचीबरोबर अतिनील किरणं वाढतात, हजार मीटरला साधारण दहा टक्के. गॉगलवर ‘यूव्ही 400’ लिहिलेलं हवं. नुसती काळी काच उलट घातक: अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरणं जास्त आत जातात. सनस्क्रीन एसपीएफ 50, माणशी 50 ग्रॅमची एक ट्यूब. चेहरा, मान, कान आणि हातांचा पाठीमागचा भाग असं दिवसातून तीनदा लावायचं म्हटलं तर कुटुंबात एकच ट्यूब नेऊन चालत नाही. ओठांसाठी लिप बाम, नाकात लावायला थोडी व्हॅसलीन, कारण कोरड्या हवेने नाकातून रक्त येऊ शकतं. खोबरेल तेल 24-25 अंशांखाली गोठतं, म्हणून अरुंद तोंडाच्या बाटलीत नेऊ नका. रुंद तोंडाच्या डबीत न्या, बोटाने काढता येतं.

शाम्पू, लोशन, लोणचं यांच्या बाटल्या घरून भरताना आतली हवा दाबून काढा आणि मग झाकण लावा. वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो, आतली हवा फुगते आणि माल झाकणातून बाहेर येतो. चिप्सची पाकिटंही तशीच फुगतात. बाटलीच्या तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून झाकण घट्ट करा आणि प्रत्येक बाटली वेगळ्या पिशवीत घाला.

विरळ हवेत श्वासाला बरं म्हणून बरेच जण कापराची पुडी नेतात, तिच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. कापूर हुंगल्याने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही, वास तीव्र असल्यामुळे नुसतं मोकळं वाटतं. शिवाय कापूर ज्वालाग्राही आहे, विमानात तो चालत नाही. ऑक्सिजनचे छोटे डबेही नेता येत नाहीत. त्यांत काही मिनिटांपुरताच ऑक्सिजन असतो. पहिले दोन दिवस लेहमध्ये पूर्ण विश्रांती, भरपूर पाणी आणि मद्य वर्ज्य, यावर भर द्या. उंचीचा त्रास टाळण्यासाठीची ॲसिटाझोलामाइडची गोळी घ्यायची की नाही हे निघण्याच्या दोन आठवडे आधी डॉक्टरांना विचारा आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ती आवर्जून सांगा. डोकेदुखी वाढत गेली, तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर लगेच खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवा, निम्म्या केबिन बॅगेत. इन्सुलिन कधीच चेक-इनमध्ये टाकू नका आणि थंडीत अंगाजवळच्या खिशात ठेवा, गोठलं की वाया गेलं.

विमानाचं आणखी थोडं. पॉवर बँक फक्त केबिनमध्ये, 100 वॉट-अवरपर्यंत. 20,000 एमएएचची साधारण 74 वॉट-अवर होते, ती चालते. लायटर आणि काडेपेटी कुठेच चालत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलकट असल्याने चेक-इनमध्ये नाकारतात, हे आपल्याकडच्या लोकांनी लक्षात ठेवावं. देशांतर्गत साध्या तिकिटावर चेक-इनला बहुतेक 15 किलो मिळतात. तुम्ही 12 वर थांबा. हुकवाला वजनकाटा घरी असू द्या.

बॅग शक्यतो मऊ डफल घ्या. कडक ट्रॉली टेम्पो ट्रॅव्हलरच्या टपावर नीट बसत नाही आणि होमस्टेच्या दगडी पायऱ्यांवर तिची चाकं कामाची नाहीत. आत मोठी काळी कचऱ्याची पिशवी अस्तरासारखी घाला, धूळ आणि पाऊस दोन्ही अडतात. नवरा-बायकोचे कपडे दोन्ही बॅगांत निम्मे-निम्मे टाका, एखादी बॅग मागे राहिली तर दोघांची सोय होते. पँगाँगच्या रात्रीचं सगळं (थर्मल, जाड मोजे, कानटोपी, टॉर्च) एका वेगळ्या पिशवीत सगळ्यात वर असू द्या. तिथे थंडीत, कमी उजेडात अख्खी बॅग उपसायला लागू नये. फोन आणि कॅमेऱ्याची जादा बॅटरी रात्री पांघरुणात घ्या, थंडीत ती भराभर उतरते.

कागदपत्रं: ओळखपत्राच्या चार-पाच झेरॉक्स, आणि सुट्ट्या नोटांत रोख, कारण पँगाँगला एटीएमच्या भरवशावर जाता येत नाही. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. घरातल्या निदान एकाचा नंबर निघण्याच्या आठवडाभर आधी पोस्टपेड करून घ्या.

आणि ते वाचवलेले तीन किलो. लेहच्या बाजारात जर्दाळू, त्याच्या बिया आणि तेल मिळतं. येताना तेलाची बाटली चेक-इनमध्येच टाका, दोन पिशव्यांत आणि कपड्यांच्या मधोमध.