यादीत नाव नसलं तर ‘चॅलेंज व्होट’ मिळतो का?

निवडणूक जवळ आली की आमच्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज हमखास येतो. २०१९च्या लोकसभेपासून मी तो दर वेळी पाहते आहे. मजकूर असा:

“मतदान केंद्रावर गेल्यावर यादीत नाव नसेल तर परत फिरू नका. आधार किंवा मतदान कार्ड दाखवा, कलम ४९ए प्रमाणे ‘चॅलेंज व्होट’ मागा आणि मत द्या. तुमचं मत आधीच कोणी टाकलं असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा. एखाद्या बुथवर १४ टक्क्यांपेक्षा जास्त टेंडर व्होट झाले तर तिथे फेरमतदान होतं. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.”

आमच्या भागात त्याला कोणीतरी शेवटी जोडलेलं असतं, “नकार दिला तर तिथेच व्हिडिओ काढा, जागा सोडू नका.”

निवडणूक आयोगाने हा मजकूर खोटा असल्याचं सांगून झालं आहे. तरी लोकांचा त्यावर विश्वास बसतो, कारण त्यातले शब्द खरे आहेत. चॅलेंज व्होट नावाची गोष्ट असते, टेंडर व्होटही असतो. त्यांचे अर्थ मात्र उलटेपालटे करून टाकले आहेत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, २०२५ला निवृत्त झाले. नोकरीत असताना बऱ्याच निवडणुकांची ड्युटी केली, शेवटच्या काही केंद्राध्यक्ष म्हणून. २० नोव्हेंबर २०२४ला, विधानसभेच्या वेळी, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात होते. शाळेच्या दोन खोल्या, दोन बुथ. कापसाची वेचणी ऐन भरात होती. बाया सकाळीच रांगेत लागलेल्या, मत टाकून तशाच वावरात जायच्या. कोणाच्या हातात डबा, कोणाच्या कमरेला ओटीचं फडकं आधीच बांधलेलं.

साडेआठच्या सुमारास एक तरुण आत आला. पुण्याकडे कंपनीत कामाला होता, रात्रीच्या गाडीने खास मतासाठी आलेला. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने यादी दोनदा पाहिली, नाव नव्हतं. त्याने खिशातून मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. “रातभर उभा राहून आलो जी मॅडम. माह्यं नाव नाही म्हणजे कसं? हे पाहा, ४९ए. चॅलेंज व्होट द्या.” मी समजावलं. तो ऐकेना. आवाज चढला, मागच्यांनी त्याची बाजू घेतली, दोन पक्षांचे पोलिंग एजंट आपसात भिडले. अर्धा तास यंत्र नुसतं उभं होतं. खिडकीतून मला दिसत होतं, बायांच्या रांगेतून एकेक जण निघून वावराची वाट धरत होती. त्यातल्या काही दुपारनंतर आल्या. काही आल्याच नाहीत.

त्या मुलावर माझा राग नव्हता, आजही नाही. राग आहे तो या मेसेजवर. म्हणून एकेक वाक्य घेते.

“कलम ४९ए”. पहिली गोष्ट, हे कलम नव्हे, नियम आहे. निवडणूक संचालन नियम १९६१ मधला नियम ४९ए. त्यात मतदान यंत्र कसं असावं ते लिहिलं आहे: एक कंट्रोल युनिट, एक बॅलट युनिट, आणि रचना आयोगाने मंजूर केलेली. यादीत नाव नसलेल्या माणसाबद्दल त्यात अवाक्षर नाही.

नाव नसलेल्याबद्दल कायदा बोलतो तो दुसरीकडे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१, कलम ६२: ज्याचं नाव त्या मतदारसंघाच्या यादीत नाही, त्याला तिथे मतदानाचा हक्क नाही. यात केंद्राध्यक्षाला सूट देण्याची मुभा नाही. आधार कार्ड दाखवल्याने तुम्ही कोण आहात ते कळतं, तुम्ही यादीत आहात हे त्यातून ठरत नाही. उलट बाजूने मात्र लोकांना माहीत नसतं की मतदान कार्ड हरवलं असेल आणि यादीत नाव असेल, तर आयोगाने ठरवलेल्या बारा पुराव्यांपैकी कोणताही एक चालतो. रोजगार हमीचं जॉब कार्ड चालतं. फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक चालतं. दिव्यांगाचं यूडीआयडी कार्ड चालतं. आमच्या भागात कितीतरी म्हाताऱ्या “कार्ड सापडत नाही” म्हणून घरीच बसतात, आणि पासबुक पेटीत पडलेलं असतं. नुसती मतदार चिठ्ठी मात्र २०१९पासून ओळखीचा पुरावा धरत नाहीत.

“चॅलेंज व्होट मागा”. चॅलेंज व्होट मतदार मागतच नाही. तो मतदाराच्या विरोधात असतो. तुम्ही आत आलात, नाव सांगितलं, आणि एखाद्या उमेदवाराचा पोलिंग एजंट उठून म्हणाला, “हा तो माणूस नव्हे”, की त्याला चॅलेंज म्हणतात. नियम ४९जे. त्यासाठी एजंटला दोन रुपये भरावे लागतात. मग केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतो, लागलं तर पोलीस पाटील, कोतवाल, शेजारीपाजारी यांना विचारतो. आक्षेप खोटा निघाला तर तुम्ही मत टाकता. खरा निघाला तर मत नाहीच, वर लेखी तक्रारीसह पोलिसांच्या ताब्यात. म्हणजे जो टेबलाशी येऊन “मला चॅलेंज व्होट द्या” म्हणतो, तो न कळत म्हणत असतो की माझ्या ओळखीवर शंका घ्या. आणि या सगळ्याला यादीत नाव असणं आधी लागतंच. नावच नसेल तर आक्षेप घ्यायचा कशावर?

मग नाव सापडलं नाही तर करायचं काय? बाहेर शाळेच्या आवारात मदत केंद्राच्या टेबलावर बीएलओ, म्हणजे त्या बुथची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी असतो, त्याच्याकडे आद्याक्षरांनी लावलेली यादी असते. आधी तिथे जा. निम्म्या वेळा नाव शेजारच्या खोलीतल्या बुथवर निघतं, कारण घरातले चारजण दोन भागांत विभागलेले असतात. लग्न झालेल्या मुलींचं नाव माहेरच्या गावात राहिलेलं असतं. नावात काना-मात्रेची चूक असेल तर घाबरू नका. ओळख पटत असेल तर छपाईच्या आणि लिहिण्याच्या चुकांकडे दुर्लक्ष करायचं, असा नियमच आहे.

एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि हा मेसेज तिच्याबद्दल काहीच सांगत नाही. कामासाठी बाहेर गेलेल्यांची, पत्त्यावर न सापडलेल्यांची, मयतांची एक वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडे असते. त्यात नाव असलं म्हणून मत गेलं असं नाही. मूळ यादीत नाव आहे, माणूस समोर उभा आहे, ओळखपत्र दाखवतो आहे, तर घोषणापत्रावर सही आणि रजिस्टरवर अंगठा घेऊन त्याला मत टाकू द्यावंच लागतं. सुरतेला, पुण्याला, वीटभट्टीवर गेलेल्या आपल्या माणसांनी हे लक्षात ठेवायला हवं. कोणी “तुम्ही स्थलांतरित आहात” म्हणून परत पाठवायला लागलं, तर शांतपणे म्हणा, “घोषणापत्र भरून घ्या.” इथे खरोखरच हक्क आहे.

“तुमचं मत कोणी टाकलं असेल तर टेंडर व्होट मागा”. हे वाक्य अर्धं खरं आहे. नियम ४९पी. हा तुमचा हक्क आहे, आणि तो जरूर मागा. पण तो मिळतो कसा आणि त्याचं पुढे काय होतं, हे सांगितलंच जात नाही.

त्याच दिवशी दुपारी एक आजी आल्या. सत्तरी उलटलेली, नातू बाहेर उभा. यादीत त्यांच्या नावासमोर लाल रेघ आणि टिक आधीच झालेली. गावात त्याच नावाच्या, नवऱ्याचंही नाव तेच असलेल्या दुसऱ्या बाई होत्या. सकाळच्या गोंधळात आमच्याकडूनच चुकीच्या क्रमांकावर खूण झाली असावी. आजी मला म्हणाल्या, “बाई, मी त आत्ताच आली. माह्यं मत कोनं टाकलं?” बोटं पुढे केली. शाई कुठेच नव्हती. मी ओळखीचे प्रश्न विचारले, खात्री झाली. फॉर्म १७बीवर त्यांचा अंगठा घेतला आणि ‘टेंडर’ म्हणून वेगळी ठेवलेली कागदी मतपत्रिका दिली. बाणफुलीचा शिक्का घेऊन त्या पुठ्ठ्याच्या आडोशाला गेल्या, खूण केली, घडी घालून माझ्या हातात दिली. मी ती वेगळ्या लिफाफ्यात टाकली. त्यांनी यंत्राकडे पाहिलं आणि विचारलं, “मले मशीन नाई का?”

नाही. टेंडर मत यंत्रात जात नाही. मतमोजणीच्या दिवशी ते मोजतही नाहीत. तो लिफाफा बंदच राहतो. निकालाला हायकोर्टात आव्हान दिलं गेलं आणि फरक इतका थोडा असला की ही मतं निर्णायक ठरतील, तरच न्यायालय तो उघडायला लावू शकतं. अशी वेळ येते. राजस्थानात २००८ला नाथद्वाऱ्याची विधानसभेची जागा एका मताने गेली होती, आणि तिथल्या टेंडर मतांचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचला होता. म्हणून टेंडर मत कुचकामी आहे असं मी म्हणणार नाही. तुमच्या नावावर दुसऱ्याने मत टाकल्याची ती सरकारी नोंद आहे. पण आजींना मी खोटं सांगू शकले नाही. “हे मत आत्ता मोजत नाहीत, पण तुमचं मत दुसऱ्यानं टाकलं हे लिहून राहतं,” एवढंच सांगितलं. त्या काही न बोलता गेल्या. ती चूक आमच्या टेबलावरची होती, आणि सकाळी अर्धा तास आरडाओरडा झाला नसता तर ती झाली नसती, असं मला अजून वाटतं. खूण करणारी मुलगी पहिल्यांदाच ड्युटीवर आली होती. त्या गोंधळानंतर तिचे हात थरथरत होते.

“१४ टक्के टेंडर व्होट झाले तर फेरमतदान”. असा आकडा कायद्यात कुठेही नाही. ना १४, ना दुसरा. फेरमतदान कधी होतं ते त्याच १९५१च्या कायद्याच्या कलम ५८ आणि ५८अ मध्ये आहे: मतदान यंत्र पळवलं, फोडलं, हरवलं, निकाल लागणारच नाही अशी मोडतोड झाली, मोठी प्रक्रियात्मक चूक झाली, किंवा बुथ ताब्यात घेतला, तर. दंगल किंवा पुरासारखं संकट आलं तर मतदान पुढे ढकलण्याची तरतूद कलम ५७ मध्ये आहे. साधा हिशेब करा. हजार मतांचा बुथ धरला तर १४ टक्के म्हणजे १४० टेंडर मतं. माझ्या सामानात टेंडरच्या मतपत्रिका होत्या वीस.

हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण त्यातून गावच्या पुढाऱ्याच्या डोक्यात कल्पना जाते की ठरवून टेंडर मागितलं तर बुथ रद्द करता येतो. दुसऱ्याच्या नावावर मत मागणं म्हणजे तोतयेगिरी, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १७४ खाली तिला एक वर्षापर्यंत कैद आहे. पुढारी घरी बसतो, केस पडते ती त्याच्या सांगण्यावरून रांगेत लागलेल्या पोट्ट्यांवर.

राहिलं जोडलेलं शेपूट: “व्हिडिओ काढा, जागा सोडू नका”. मतदाराला आत मोबाईलने चित्रीकरण करता येत नाही. २०२५पासून मोबाईल बाहेर जमा करायची सोय ठेवण्याचे आयोगाचे आदेश आहेत. आमच्या वेळी ती नव्हती, आणि खिशातला मोबाईल आत आलाच. केंद्राजवळ आरडाओरडा करून मतदानात अडथळा आणणं हा १९५१च्याच कायद्याच्या कलम १३१ खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद. केंद्राध्यक्षाचं न ऐकता गैरवर्तन करणाऱ्याला कलम १३२ प्रमाणे पोलिसांकरवी बाहेर काढता येतं, आणि परवानगीशिवाय तो पुन्हा आत आला तर त्यालाही तीच शिक्षा. शंभर मीटरच्या आत प्रचार नको, हे सगळ्यांना पाठ आहे. टेबलाशी अडून बसणं हाही गुन्हा होऊ शकतो, हे कोणी सांगत नाही.

या अधिकाराचा वापर मी त्या मुलावर केला नाही. करायची इच्छाही झाली नाही. तो कायदा मोडायला आला नव्हता, कोणीतरी त्याला चुकीचा कायदा सांगून पाठवलं होतं.

दुपारच्या जेवणाला बाहेर आले तेव्हा तो बीएलओजवळ बसलेला होता. जुन्या यादीत त्याचं नाव होतं, नव्या यादीतून कमी झालेलं. घर बंद होतं, शेजाऱ्यांनी “बाहेर गेला” सांगितलं, एवढंच कळलं. “गाव सोडून गेला” म्हणून नाव कापायचं तर आधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, हे १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. त्याला नोटीस मिळाली नव्हती. ती त्याची रास्त तक्रार होती, आणि ती घेऊन भांडायला हवं होतं. पण भांडायची जागा माझं टेबल नव्हती. ती जागा उपविभागीय अधिकाऱ्याच्या कचेरीत, तिथल्या मतदार नोंदणी अधिकाऱ्यासमोर, त्यावर जिल्हाधिकाऱ्याकडे अपील. आणि वेळ होती २९ ऑक्टोबरच्या आधीची. त्या दिवशी उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली, आणि त्यानंतर यादीत कोणाचंही नाव घालता येत नाही. कलेक्टरलाही नाही.

बीएलओने त्याला तिथेच यादीत नाव घालण्याचा फॉर्म ६ दिला. शाळेच्या ओट्यावर बसून तो भरत होता. गावचा पत्ता लिहू की पुण्याचा, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, “बाबू, जिथं तू खरा राहतोस तिथला लिही. मग पुढच्या वेळी रातभर उभं राहून यायचं काम नाही.” बराच वेळ त्याचा पेन त्या रकान्यावर तसाच थांबला होता.