बंब फुंकण्यावर हसू आलेल्या वाचकास

नमस्कार. मला झालेल्या मोयामोयावरच्या (मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या हळूहळू बुजत जाणारा रोग) लेखाखाली ‘एक स्पष्टवक्ता’ या नावाने तुम्ही जी लांबलचक प्रतिक्रिया टाकलीय ती काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली आणि शाळेतून आल्यावर चहा घेता घेता तिसऱ्यांदा वाचली. खाली चार ओळीत उत्तर देऊन मोकळी होणार होते पण ते वाढतच गेलं, म्हणून ही वेगळी पोस्ट.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यांचं म्हणणं असं की रोगाचा शोध १९६९ सालचा हे मी चुकीचं लिहिलं, ऑपरेशनआधी अ‍ॅस्पिरिन बंद करायची नसते असं सरसकट लिहिणं धोक्याचं आहे, बाराव्या दिवशी घरी आले असं लिहून मी मेंदूचं ऑपरेशन दाढ काढण्याइतकं सोपं करून टाकलं, खर्चाचा आकडा लपवला, आमच्या शेजारच्या मुलालाही हेच निघालंय आणि तो तर मजेत खेळतो, आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं देते: "बंब फुंकल्याने हात लुळा पडला हे वाचून हसू आलं, असल्या गोष्टी बहुधा मानसिक असतात, निदान शिक्षिकेने तरी असं लिहू नये."

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करते, नंतर कोणी म्हणायला नको. १९६९ ला जपानमध्ये सेंदाईच्या सुझुकी आणि ताकाकू या डॉक्टरांनी या रोगाला मोयामोया हे नाव देऊन लेख छापला. रोगाची पहिली नोंद त्याच्या आधीची, १९५७ ची, तीही जपानमधलीच. मी शोध आणि नाव यांची गल्लत केली. दुरुस्त केलंय, बघून घ्या. आभार.

आता हसू.

बंबाची गोष्ट मी लेखात दोन ओळीत उरकली ती माझी चूक, आता सगळी सांगते. माझं सासर वाळवा तालुक्यात. दिवाळीची पहिली आंघोळ, पहाटेचे साडेचार, आदल्या रात्री पाऊस झालेला त्यामुळे जळण ओलं, चिपाडं नुसती धुमसत होती आणि घरात आंघोळीला अकरा माणसं. मी बंबापाशी उकिडवी बसून फुंकणीने फुंकत होते, एकदा दोनदा नाही, चांगली पाच-सात मिनिटं, डोळ्यातनं पाणी यायला लागेपर्यंत. जाळ धरला आणि त्याच वेळी फुंकणी हातातनं सुटून फरशीवर ठण्णकन पडली. उचलायला गेले तर उजव्या हाताची बोटं मिटेनात. जाऊबाईंना हाक मारायला तोंड उघडलं तर नुसतं फू फू असा आवाज. जाऊबाईंना वाटलं मी धुराची नक्कल करतेय, त्या हसल्या. त्यांचं हसणं मी कधीच माफ केलंय कारण त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही माझा अख्खा लेख वाचून हसलात.

सात-आठ मिनिटात हात परत आला, बोलणं परत आलं, मी उटणं लावून आंघोळ केली आणि सगळ्यांना फराळ वाढला. ‘रात्री झोप झाली नाही’ असं म्हणून विषय संपला.

यानंतर दीड वर्ष. गरम पिठल्यावर फुंकर मारताना ओठ जड झाले. स्नेहसंमेलनाच्या फुग्यांपैकी सहावा फुगा फुगवताना हात गेला. पीटीचा तास घेताना सारखी शिट्टी वाजवली आणि पुढं मुलांना ‘विश्राम’ म्हणायचं होतं तर शब्दच सापडेना. मी हे सगळं वहीत तारखा घालून लिहिलं, शिक्षिका आहे ना. ती वही घेऊन ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी (नाव लिहिणार नाही, गावही नाही) ती उघडलीसुद्धा नाही. बदलीचं टेन्शन आहे का, घरी काही वाद आहेत का, बी ट्वेल्व्ह घ्या, मानेला पट्टा लावा. तिसऱ्या खेपेला मला तिथंच रडू कोसळलं, हुंदके देऊन रडले, आणि रडता रडता हात लुळा पडला. ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "बघा, तुमच्यासमोरच आला की नाही पॅनिक अटॅक."

तर स्पष्टवक्ते, ‘मानसिक’ हा शब्द मला नवीन नाही. त्या शब्दाने माझं दीड वर्ष खाल्लं, आणि शेवटी एमआरआय झाला तेव्हा डाव्या बाजूला दोन जुने डाग निघाले, म्हणजे मेंदूचा तेवढा भाग कायमचा गेलेला. त्यातला एखादा डाग त्या केबिनमधला असेल काय हे मला कोणी सांगू शकत नाही.

आता ते होतं कसं, सोप्या भाषेत. जोरजोरात फुंकलं, रडलं, धापा टाकल्या की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. हे तुमचंही होतं, माझंही होतं. तुम्हाला फार तर गरगरेल. मोयामोयात मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या कवटीच्या तळाशी, जिथे त्यांना फांद्या फुटतात तिथेच, हळूहळू बुजत जातात, त्याची भरपाई म्हणून बारीक बारीक नाजूक वाहिन्यांचं जाळं तयार होतं. अँजिओग्राफीत ते धुराच्या पुंजक्यासारखं दिसतं म्हणून ते नाव, जपानीत मोयामोया म्हणजे तसलंच काहीतरी धूसर, धुरकट. (बंबाच्या धुरातनं सुरू होऊन मी या धुरात आले, यावर हसायला माझी हरकत नाही.) अशा मेंदूत शिल्लक काही नसतं, आहे तेवढं रक्त कसंबसं पुरत असतं, त्यात वाहिन्या आकसल्या की तो भाग उपाशी. जपानी डॉक्टरांनी हे कधीच लिहून ठेवलंय, मुलं गरम नूडल्स फुंकताना, माउथऑर्गन वाजवताना, रडताना झटका येतो म्हणून. त्यांच्या नूडल्स चालतात, आमचा बंब आला की गावगप्पा.

आणि हे फक्त माझं म्हणणं नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या मॅडम आल्या, त्यांना मी चाचरतच बंबाचं सांगितलं, त्या खुर्ची ओढून बसल्या आणि किती वेळ फुंकलं, किती मिनिटात हात आला, सगळं कागदावर उतरवलं. का, तर भूल दिल्यावर श्वास मशीन देतं आणि तिथंही कार्बन डायऑक्साइड खाली जाऊ द्यायचा नसतो, बीपी पडू द्यायचं नसतं. रात्रीपासून उपाशी ठेवतात पण कोरडं ठेवत नाहीत, म्हणून मला संध्याकाळीच सलाईन लावलं होतं. थिएटरमध्ये नेताना आई रडायला लागली तर सिस्टरनी तिला बाहेर काढलं, म्हणाल्या पेशंटला रडू येता कामा नये. इतकं साधं आहे हे, आणि इतकं गंभीर.

‘दाढ काढण्याइतकं सोपं’ यावर फार लिहीत नाही. कानासमोर बोट ठेवा, ठोका लागतो ना, ती कातडीतली धमनी सोडवून घेतात, कवटीला खिडकी पाडून आत नेतात आणि मेंदूवरच्या साधारण एक मिलिमीटरच्या वाहिनीला केसाहून बारीक धाग्याने मायक्रोस्कोपखाली शिवतात. १९६७ ला झ्युरिकमध्ये याशारगिल यांनी हा बायपास पहिल्यांदा केला. मी सोपं लिहिलं नव्हतं, घाबरवायचं नाही एवढं ठरवलं होतं. बाराव्या दिवशी घरी आले हे खरं आहे, खरं तेच लिहिलं, आता त्यासाठी आठ दिवस जास्त राहायला हवं होतं का?

बरं, मधलं सांगते. तिसऱ्या दिवशी सकाळी मला ‘उशी’ म्हणता येईना. उशी, चमचा, नवरा, सगळ्यालाच मी ‘खडू’ म्हणत होते. घरच्यांची पाचावर धारण बसली. तातडीने स्कॅन केलं, नवा झटका नव्हता. इतकी वर्षं तहानलेल्या भागात एकदम रक्त आलं की तो भाग असा काही दिवस गांगरतो, बीपी घट्ट धरून ठेवतात कारण या काळात रक्तस्राव व्हायची भीती असते. नवव्या दिवशी उशीला उशी म्हणाले. जबड्याचा स्नायू कापलेला असतो त्यामुळे महिनाभर तोंडात दोन बोटं जेमतेम जायची, भाकरी दुधात कुस्करून. जखमेची कड काळी पडून वाळली, डोक्याच्या कातडीची धमनीच आत वळवल्यावर तिला रक्त कुठनं मिळणार. आणि चष्मा! चष्म्याची काडी बरोबर त्या धमनीवर दाबते. माझ्या चष्मेवाल्याने डावी काडी बाहेरच्या बाजूला अशी वाकवून दिली की चौथीतली पोरं मला विचारायची, बाई, तुमचा चष्मा उडणारे का? घट्ट टोपी नाही, हेल्मेट नाही म्हणून गाडीवर मागे बसणं नाही, त्या कुशीवर झोपणं नाही. पाच महिन्यांनी उजवी बाजू, परत हेच सगळं. आता म्हणा दाढ.

अ‍ॅस्पिरिनबद्दल. माझी बंद केली नव्हती, माझ्या सर्जननी चालू ठेवायला सांगितली होती, मी माझं लिहिलं. काही ठिकाणी आधी थांबवतात हे मलाही ठाऊक आहे. ‘आपल्या सर्जनला विचारल्याशिवाय सुरूही करू नका आणि बंदही करू नका’ अशी ओळ घालते, झालं? वाचणाऱ्याला अक्कल असते असं धरून मी लिहिते. खर्चाचं म्हणाल तर तुम्ही इन्कम टॅक्समधून आलाय का? पतसंस्थेचं कर्ज अजून फेडतेय एवढं पुरे.

तुमचा सूर असा नसता तर हे सगळं एका ओळीत मिटलं असतं. ‘बाई, बंबाचं नीट समजलं नाही, समजावून सांगाल का’ असं विचारलं असतं तर मी याच्या दुप्पट लिहिलं असतं, न रागावता. पण टोपणनावामागे बसून दुसऱ्याच्या लुळ्या हातावर हसायचं आणि वर त्याला स्पष्टवक्तेपणा म्हणायचं, यासाठी आमच्या शाळेत वेगळा शब्द आहे, तो मी इथे लिहीत नाही.

राहिला तुमच्या शेजारचा मुलगा. मजेत खेळतो म्हणून बरा आहे असं समजू नका, मीही फराळ वाढतच होते. बुजत चाललेली वाहिनी उघडणारं औषध नाही. लहान मुलांमध्ये पुष्कळदा धमनी न जोडता मेंदूच्या पृष्ठभागावर नुसती टेकवून ठेवतात, तिथून नवीन वाहिन्या फुटायला काही महिने लागतात, म्हणून त्याच्या आईवडिलांना मेंदूच्या सर्जनकडे लवकर जायला सांगा. उन्हात खेळला तर पाणी भरपूर पाजा. रडायला लागला तर आधी उगी करा, कोणाचं चुकलं ते नंतर बघा. आणि त्याच्या वाढदिवसाला फुगे तुम्ही फुगवा.