दर्याची भीती आणि आमच्या स्टिल्टचे कॉलम

जुलै 2025 मध्ये रशियाच्या कामचाटकाला 8.8 तीव्रतेचा भूकंप झाला, त्या दिवशी उत्तर गोव्यातल्या मांद्रेहून मावशीचा फोन आला. "पोरांना दर्यावर सोडू नको हां, त्सुनामी येतेय म्हणे." तो भूकंप पॅसिफिकमधला. आपल्या किनाऱ्याला धोका नाही, असं हैदराबादच्या इन्कॉइसने, म्हणजे त्सुनामीचा इशारा देणाऱ्या सरकारी संस्थेने, सांगितलंही. पण मावशीचा आवाज खरोखर घाबरलेला होता, आणि तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. गोव्यात राहणाऱ्याने याची काळजी करावी, तर किती?

माझं मत स्पष्ट आहे. दर्याची थोडी करावी. ज्या इमारतीत आपण झोपतो, तिची मात्र पुष्कळ करावी.

दर्याचं आधी सांगतो. आपल्या किनाऱ्याजवळ सुमात्रासारखी, एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो अशी जागा नाही. अरबी समुद्रातली तशी जागा म्हणजे पाकिस्तान-इराणचा मकरान किनारा, इथून सुमारे दीड हजार किलोमीटरवर. 28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे तिथे 8.1 चा भूकंप झाला. काही तासांनी, सकाळी, मुंबईत सुमारे दोन मीटरची लाट आली, माणसं वाहून गेली. पाण्याची ती हालचाल कारवारपर्यंत जाणवली. मुंबई आणि कारवार यांच्या मधे कोण आहे, ते सांगायला नको. 2004 ची लाट तर कन्याकुमारीला वळसा घालून आपल्या बाजूला आली, केरळच्या कोल्लम जिल्ह्यात तिने शंभराहून अधिक बळी घेतले आणि मुरगाव बंदरातल्या भरतीमापकावरही तिची नोंद झाली. म्हणजे धोका शून्य नाही. पण मकरानहून लाट इथे पोचायला काही तास लागतात, आणि 2007 पासून इन्कॉइसचं इशारा केंद्र चोवीस तास चालू आहे. फक्त एक ध्यानात ठेवायला हवं: तिकडचा धक्का आपल्याला इथे कदाचित जाणवणारही नाही. तेव्हा इशारा आला, किंवा पाणी अवेळी लांबवर ओसरलेलं दिसलं, तर व्हिडिओ काढायला पुढे जायचं नाही, वर निघायचं. पेडण्यात सडा, म्हणजे उंच खडकाळ पठार, हाकेच्या अंतरावर असतो. कोलवा-बाणावलीकडे सगळं सपाट, तिथे पक्क्या इमारतीचा वरचा मजला गाठायचा. आणि पहिली लाट ओसरली म्हणून खाली उतरायचं नाही, मागून येणारी मोठी असू शकते.

एका गोष्टीचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. लहानपणी मावशीच्या घरामागून दर्यावर जायचं तर रेतीचा उंच टेकडा चढावा लागे. त्यावर मर्यादवेल पसरलेली असायची, जांभळी फुलं, पायात अडकणारे तिचे दोर. आज तिथून गाडी थेट वाळूपर्यंत जाते. तो टेकडा ही लाटेपुढची आपली भिंत होती. बांधायला एक पैसा लागला नव्हता, आणि आपण ती सपाट केली.

आता जमिनीचं. भूकंपाच्या नकाशावर पणजी वर्षानुवर्षं तिसऱ्या झोनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्यात धरली गेली आहे. आमची आजी सांगायची, जनमत कौल झाला त्या वर्षी, डिसेंबरातल्या एका पहाटे, देवघरातला लामणदिवा आपोआप झुलायला लागला आणि मांडणीवरची भांडी खणखणली. ती कोयना, 11 डिसेंबर 1967. तीव्रता 6.3 च्या आसपास, तिकडे पावणेदोनशेच्या घरात माणसं गेली. कोयनानगर आपल्यापासून सुमारे 200 किलोमीटर, आणि तिथली जमीन आजवर अधूनमधून हलतेच आहे. आजीच्या घराला काही झालं नाही. चिऱ्याच्या जाड भिंती, वर कौलं, एकच मजला.

आपण आता तशा घरात राहत नाही. मी राहतो ती इमारत चार मजली, खाली स्टिल्ट पार्किंग, म्हणजे तळमजल्याला भिंती नाहीत, नुसते खांब, आणि जागा पूर्वी शेत होती. मातीचा भराव टाकून उभी केलेली. मऊ जमिनीत धक्का वाढतो, हे एक. दुसरं, वर भिंतींचं वजन आणि खाली नुसते कॉलम, मग सगळा हेलकावा त्या कॉलमांवर येतो. 2001 च्या भूजच्या भूकंपात, केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती बसल्या, त्यांत अशा स्टिल्टवाल्या पुष्कळ होत्या. तो भूकंप कोयनेपेक्षा खूप मोठा होता, हे मान्य. पण काणकोणात जानेवारी 2014 मध्ये बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून तीसच्या आसपास माणसं मेली, तेव्हा जमीन मुळीच हलली नव्हती. म्हणून मला दर्यापेक्षा आपल्या काँक्रीटची भीती जास्त वाटते.

शेजारच्या प्लॉटवर काम चालू असताना मी रोज गॅलरीतून बघायचो. कॉलमच्या सळ्यांना रिंगा बांधतात, त्या रिंगेचं टोक 135 अंशात आत वळवायचं असतं, म्हणजे धक्का बसला तरी ती उघडत नाही. आणि बीम-कॉलम जुळतात तिथे रिंगा दाट हव्यात. आपल्या झोनमध्ये हा नियम बंधनकारक आहे. तिथला पोरगा टोक काटकोनात वाकवून मोकळा होत होता. मी खाली जाऊन विचारलं, तर म्हणाला, "असंच करतात सगळीकडे." त्याचा दोष नाही, त्याला कोणी शिकवलंच नाही. ज्याने तपासायला हवं होतं, तो माणूस मला त्या साइटवर एकदाही दिसला नाही.

फ्लॅट घेताना आपण टाइल्स बघतो, लिफ्ट बघतो, पाणी किती वेळ येतं ते विचारतो. मीही तेच विचारलं होतं. स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागितलं नाही. ते आता मागतोय. येत्या रविवारी सोसायटीची बैठक आहे, पार्किंगमधल्या कॉलमांची तपासणी स्ट्रक्चरल इंजिनियरकडून करून घ्यायची, हा विषय मी लेखी दिला आहे. तळाला दोन-चार कॉलमांचं काँक्रीट फुगून सळई उघडी पडली आहे, त्याचे फोटोही जोडलेत. खर्चाला नाही म्हणणारे असतील. त्यांच्याशी बोलेन. तुमच्या सोसायटीत कोणी असं काम करून घेतलं असेल, तर किती खर्च आला आणि काय केलं, ते खाली जरूर लिहा.