नाव लिहिलं की म्हणे पान बिघडतं

वैताग आलाय या 'क्लीन लुक'चा! पक्ष्यांच्या आवाजांचं साधं पान करायचंय. पावशा, तांबट, रातवा, शीळकरी कस्तूर. पक्ष्याचं नाव, शेजारी प्लेचं बटण, खाली बारीक अक्षरात आवाज कोणी रेकॉर्ड केला त्याचं नाव. झालं! तर क्लायंटचा फोन: "ते खालचं काढा हो, गिचमिड दिसतंय."

गिचमिड? वर प्रायोजकाचा लोगो लग्नातल्या बॅनरएवढा, तो चालतो. शेअरची चिन्हं ओळीने मांडलीत, चालतात. कुकीची परवानगी मागणारी पट्टी अर्धा स्क्रीन खाते, तीही चालते. आणि भर पावसात, पहाटेच्या अंधारात, पायाला जळवा लागलेल्या असताना जो माणूस माइक धरून उभा राहिला, त्याचं दोन शब्दांचं नाव तेवढं डोळ्यांत खुपतं!

"फुकटच आहे ना ते?" अहो, फुकट आहे, बेवारशी नाही. झेनो-कॅन्टो या संकेतस्थळावर २००५ पासून जगभरचे लोक पक्ष्यांचे आवाज टाकताहेत, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली, म्हणजे ठरलेल्या अटी पाळून कुणीही वापरा. पैसे मागत नाहीत, अर्ज-विनंत्या करायला लावत नाहीत. आपलं नाव राहावं आणि परवान्यात आणखी काही अट असेल तर ती पाळावी, एवढीच माफक अपेक्षा. तीही जड जाते आपल्याला.

बरं, परवानाच आडमुठा आहे म्हणावं, तर तसंही नाही. २०१३ सालच्या ४.० आवृत्तीत सरळ म्हटलंय की माध्यम बघून वाजवी पद्धतीने श्रेय द्या. सगळा तपशील वेगळ्या पानावर ठेवून तिथली लिंक दिलीत तरी भागतं. रेकॉर्डिंगचं शीर्षक देण्याची सक्तीही काढून टाकलीय. म्हणजे बटणाखाली फक्त नाव, नावावर टिचकी मारली की पुढची सगळी कुंडली. अजून किती मोकळं करून हवंय? (काही अतिउत्साही मंडळी प्रत्येक बटणाखाली अख्खी यूआरएल आणि परवान्याचं लांबलचक नाव चिकटवतात, मोबाइलवर चार-चार ओळी. श्रेयाला बदनाम त्यांनीच केलंय.)

डिझायनरची सूचना काय, तर "होव्हरवर दाखवू," म्हणजे माउस वर नेला की नाव दिसेल. मोबाइलवर माउस कुठून आणू? मग म्हणे थेट एमपीथ्रीचीच लिंक द्या. उघडतो नुसता काळा टॅब, त्यावर ना नाव ना गाव. तिथून फाइल गेली व्हॉट्सॲपवर की संपलंच सगळं.

वर आता रील हवंय. धुक्यातला घाट आणि मागे कस्तुराची शीळ. त्या रेकॉर्डिंगचा परवाना एनडी आहे, म्हणजे 'नो डेरिव्हेटिव्ह्ज', बदललेलं रूप वाटायचं नाही. ४.० प्रमाणे ध्वनिमुद्रण हलत्या चित्राशी जुळवलं की ते रूपांतर धरतात, आणि एनडीखाली रूपांतर इतरांना वाटता येत नाही. एवढं समजावून सांगितल्यावर उत्तर काय? "कोण बघतंय!"

तडजोड म्हणून त्यांनीच एक ओळ सुचवली: "आवाज साभार: इंटरनेट." इंटरनेट गेलं होतं काय ताम्हिणीत पहाटे पाच वाजता?

आणि त्याच पानाच्या तळाशी, ठळक अक्षरात, संस्थेचं नाव आणि "सर्व हक्क राखीव". विचारलं, ही ओळ काढू का, तेवढीच जागा मोकळी होईल. तेव्हापासून फोन उचलत नाहीत.