सोळा गोलांची पोस्ट आणि तिच्यात न लिहिलेल्या गोष्टी

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक पोस्ट फिरतेय. पालकांच्या ग्रुपवर आली, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आली, भावकीच्या ग्रुपवर तर दोघांनी टाकली आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. मजकूर थोडक्यात असा: '२०२२ साली भारतात मुलींचा सतरा वर्षांखालचा फुटबॉल वर्ल्डकप झाला. आपल्या पोरींनी तीन सामन्यांत सोळा गोल खाल्ले, मारला एकही नाही. यजमान म्हणून फुकटात एंट्री, वर कोट्यवधी रुपये पाण्यात. अशा स्पर्धांतून पुढे काही निघत नाही. मुलींचे गुडघे या खेळात कायमचे जातात. आणि ४५ डिग्रीच्या खान्देशात फुटबॉल कसला? कबड्डी, खो-खो हेच आपले खेळ. शाळांनी मुलींचे फुटबॉल संघ बंद करावेत. पटलं तर पुढे पाठवा.'

मला पटलं नाही. शालेय स्पर्धांना शिट्टी घेऊन उभा राहणारा माणूस आहे मी, त्यामुळे एकेक मुद्दा घेतो.

सोळा गोल खाल्ले, हे खरंच आहे. भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर ११ ऑक्टोबरला अमेरिकेने ८-०, १४ ला मोरोक्कोने ३-० आणि १७ ला ब्राझीलने ५-० असं हरवलं. आकडा लपवायचं कारण नाही. पण पोस्टवाल्याने बेरीज केली आणि तिथेच थांबला. मोरोक्कोविरुद्ध मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य होतं. तीन दिवसांपूर्वी आठ गोल खाल्लेल्या मुली पंचेचाळीस मिनिटं एकही गोल होऊ देत नाहीत, हे ज्याने कधी हरलेला संघ पुन्हा मैदानात उतरवलाय त्याला विचारा काय असतं ते. आणि यजमानांनी मार खाणं या स्पर्धेत नवीन नाही. २०१२ च्या यजमान अझरबैजानला नायजेरियाने एका सामन्यात ११-० ने धुतलं होतं. २०१४ ला कोस्टा रिका आणि २०१६ ला जॉर्डन, दोघेही आपापल्या घरच्या मैदानावर तिन्ही सामने हरले.

त्या मुलींच्या वाट्याला काय तयारी आली होती, तेही पोस्टमध्ये नाही. हा वर्ल्डकप मुळात २०२० चा. कोरोनामुळे आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला आणि भारताला २०२२ चं यजमानपद मिळालं. वयाची अट तीच राहिल्याने आधी तयार होत आलेली तुकडी वयातून बाद झाली. नवीन तुकडी उभी राहतेय तोवर १५ ऑगस्ट २०२२ ला जागतिक फुटबॉल चालवणाऱ्या फिफाने आपल्या फुटबॉल महासंघालाच निलंबित केलं. बाहेरच्या हस्तक्षेपाचं कारण होतं आणि भांडण सगळं मोठ्या माणसांचं. २६ ऑगस्टला निलंबन उठलं. म्हणजे स्पर्धेला दोन महिनेही उरले नसताना स्पर्धा होणार की नाही, हेच या मुलींना ठाऊक नव्हतं.

'फुकटात एंट्री' हाही अर्धाच मुद्दा. यजमानाला थेट प्रवेश हा नियम आहे, तो सगळ्यांनाच मिळतो. २०२२ ला आपण पात्रता फेरी खेळून तिथवर पोहोचलो असतो का? मला नाही वाटत. पण पुढचं बघा की. जुलै २०२५ मध्ये वरिष्ठ महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून आशियाई चषकात जागा मिळवली, पात्रता फेरीतून पहिल्यांदाच. ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालच्या मुलींनी म्यानमारला यांगूनमध्ये १-० ने हरवलं आणि वीस वर्षांनी आशियाई स्पर्धा गाठली. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींनी बिश्केकला उझबेकिस्तानला २-१ ने हरवून तेच केलं. एका वर्षात तिन्ही वयोगट, तेही यजमानपदाच्या कुबड्या न घेता. सगळं श्रेय २०२२ च्या स्पर्धेला द्या असं मी म्हणणार नाही. पण त्या सोळा गोलवाल्या संघातल्या काही जणी पुढे मोठ्या संघांत दिसल्या. केळीचं खोड लावून दुसऱ्या दिवशी घड मागणारा माणूस रावेरात कुणी पाहिला नसेल. खेळाच्या बाबतीत मात्र आपण सगळे तेच करतो.

पैशांचं थोडक्यात उरकतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये या स्पर्धेसाठी १० कोटी रुपये मंजूर केले. राज्यांचा खर्च वेगळा. पण भुवनेश्वर, मडगाव, नवी मुंबई ही तिन्ही स्टेडियम आधीचीच होती, मुलींसाठी नवीन एकही बांधलं नाही. पोस्टमध्ये 'कोट्यवधी' लिहिलंय, किती ते नाही. आकडा न देणारा हिशेब आमच्याकडे किराणा दुकानदारही मान्य करत नाही, भो.

'पुढे काही निघत नाही' हे वाक्य वाचून मात्र मला हसू आलं. २०१४ च्या याच स्पर्धेत स्पेनचा संघ अंतिम सामन्यात जपानकडून हरला. त्या हरलेल्या संघात आयताना बोनमती नावाची मुलगी होती. २०२३ ला ती वरिष्ठ विश्वविजेती झाली आणि २०२३, २०२४, २०२५ असा सलग तीन वेळा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, तिने घेतला. लांबचं उदाहरण नको असेल तर आपल्याच मातीवरचं घ्या. कोलंबियाची लिंडा कैसेडो. पंधराव्या वर्षी अंडाशयाचा कर्करोग झालेली आणि त्यातून उठलेली मुलगी. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ती वीस वर्षांखालचा वर्ल्डकप खेळली, ऑक्टोबरमध्ये भारतात येऊन सतरा वर्षांखालचा खेळली. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत अंतिम सामना झाला. सामना संपत आला असताना कोलंबियाच्याच बचावपटूचा पाय लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला आणि स्पेन १-० ने जिंकलं. पुढच्याच वर्षी याच लिंडाने मोठ्यांच्या वर्ल्डकपमध्ये जर्मनीविरुद्ध गोल केला आणि कोलंबियाने जर्मनीला हरवलं. जळगावहून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर ही मुलगी खेळून गेली. आपल्याकडून किती जण बघायला गेले, हा प्रश्न मी पोस्टवाल्याला विचारत नाही, कारण मीही टीव्हीवरच पाहिला.

आता गुडघे. या एका मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून इथे जरा थांबतो. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण फुटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये मुलांपेक्षा बरंच जास्त आहे. बऱ्याचदा कुणाचा धक्का न लागताच, नुसतं वळताना किंवा उडीनंतर पाय टेकताना तो तुटतो. घाबरावं असंच आहे. पण यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. फिफाचा 'इलेव्हन प्लस' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या जवळपास १,९०० मुलींवर त्याचा अभ्यास झाला, २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. हा वॉर्मअप करणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी निघाल्या.

त्याला ना यंत्र लागतं, ना जिम. एक मुलगी गुडघ्यांवर उभी राहते, जोडीदारीण मागून तिचे घोटे दाबून धरते, आणि ती पाठ ताठ ठेवून सावकाश पुढे झुकते. मांडीची मागची बाजू थरथरायला लागली की समजायचं, बरोबर चाललंय. मग एका पायावर तोल. मग जागेवर उडी, आणि खाली येताना सरांनी फक्त गुडघे बघायचे: आत वळले, एकमेकांकडे झुकले, की 'परत'. आपल्याकडे होतं काय? दोन चकरा मारायच्या, हात गोल फिरवायचे, झाला वॉर्मअप. पायात पीटीचे कॅनव्हास बूट, नाहीतर भावाचे एक नंबर मोठे स्टड, आत कापूस कोंबून. मैदान म्हणाल तर काळी माती, पावसाळा सरला की तडकलेली, आणि मध्यभागी मागच्या महिन्यातल्या कुठल्यातरी कार्यक्रमाच्या मंडपाचे खड्डे. सामन्याच्या सकाळी त्या खड्ड्यांवरूनच फक्की मारली जाते. गुडघा अशा खड्ड्यात जातो आणि दोष मात्र 'मुलींच्या शरीराला' लागतो. पालकांनी शाळेला प्रश्न विचारायचाच असेल तर हा विचारावा: वॉर्मअप कोण घेतं, आणि खड्डे कधी बुजवणार?

४५ डिग्रीचं म्हणाल, तर ती एप्रिल-मेमध्ये असते. तेव्हा परीक्षा आणि सुट्ट्या असतात, फुटबॉल कुणीच खेळत नाही. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात आणि थंडीत संपतात. सराव सकाळी सहाला. आणि खेळाचंच म्हणाल तर कबड्डीला ऊन लागत नाही का? गंमत म्हणजे हा वर्ल्डकप जॉर्डनला झालाय, डोमिनिकन रिपब्लिकला झालाय, २०२५ पासून सलग पाच वर्षं मोरोक्कोत आहे. यातला एकही थंड हवेच्या ठिकाणांसाठी प्रसिद्ध नाही.

कबड्डी, खो-खोशी भांडण कुणाचं आहे? माझं नाही. खो-खोत खांबाला वळसा घालून हुलकावणी देणारी मुलगी फुटबॉलमध्ये बचावपटूलाही तशीच चकवते. तालुक्याच्या शाळांत या दोन्ही संघांत बहुतेक वेळा त्याच मुली असतात. भुसावळच्या रेल्वे मैदानांवर फुटबॉल काही कालपरवा आलेला नाही. आणि 'गोवा-बंगालचा खेळ' असंही पोस्टच्या एका आवृत्तीत आहे. २०२२ च्या भारतीय संघाची कर्णधार अस्तम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या आदिवासी घरातली. तिच्या गावच्या रस्त्याच्या कामावर तिचे आईवडील मजुरी करत होते, हे तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. अक्कलकुवा-धडगावातल्या मुलींच्या घरची परिस्थिती यापेक्षा फार वेगळी नसते. लगेच कुणीतरी म्हणेल, 'डोंगरातल्या पोरी मुळातच काटक.' या कौतुकाचा मला कंटाळा आलाय. काटकपणा आहे म्हणून प्रशिक्षक द्यायचा नाही, बूट द्यायचे नाहीत, असा त्याचा सोयीस्कर अर्थ निघतो.

राहिला संघ बंद करण्याचा सल्ला. बंद करायला आधी चालू तरी असायला हवेत. आपल्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. जिल्ह्याला गेलात, पहिला सामना हरलात, की वर्ष संपलं. संघ जास्त आणि मैदान एकच, म्हणून वेळही कापलेली. शाळेचा संघ पहिल्याच फेरीत गारद होत राहिला तर मुलगी अकरावीला जाईपर्यंत तिने खेळलेले खरे सामने हातांच्या बोटांवर मोजता येतात. तिकडे लिंडा कैसेडो एका वर्षात दोन वर्ल्डकप खेळते. सोळा गोलांचं मूळ मला इथे दिसतं. सराव कितीही करा, सामना खेळल्याशिवाय सामना कळत नाही. मागून येणारी खेळाडू दिसत नाही, शेवटच्या दहा मिनिटांत दम कसा राखायचा कळत नाही, गोल खाल्ल्यावर पुढच्या मिनिटाला उभं कसं राहायचं तेही नाही.

त्यामुळे पोस्ट पुढे पाठवण्यापेक्षा एक करता येईल. सुरत-भुसावळ लाईनवर नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव, भुसावळ अशी स्टेशनं ओळीने आहेत. धुळ्याच्या मुलींना अमळनेरपर्यंत एसटी आहे. या गावांतल्या मिळून सहा शाळांनी ऑगस्ट ते डिसेंबर साखळी सामने ठेवले, रविवारी एक संघ दुसऱ्याच्या गावी, तर प्रत्येकीला पाच सामने मिळतात, उलट फेरी धरली तर दहा. लागतं काय? दोन चेंडू, फक्की, पाण्याचे जार, प्रथमोपचाराची पेटी, सोबत एक शिक्षिका आणि संध्याकाळी घरी पोचवणारी गाडी. यातली गाडी आणि शिक्षिका याच दोन गोष्टींवर पालक अडतात, आणि ते रास्तही आहे. ते आधी ठरवा, तारखा मग. शिट्टी वाजवायला मी येतो, मानधन नको.